कॉन्फरन्स नसताना सीझन कसा जमवतात? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

गोलरेषा:
2025 मध्ये एफबीएस या कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या पातळीवर नोटर डेम आणि युकॉन या दोनच टीम इंडिपेंडंट होत्या, म्हणजे कुठल्याही कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या टीमच्या गटात) नव्हत्या. कॉन्फरन्समधल्या टीमला आठ-नऊ मॅच आपसूक मिळतात, यांना मात्र बाराच्या बारा स्वतः ठरवाव्या लागतात. ते कसं करतात? आणि 10-2 (10 विजय, 2 पराभव) असूनही नोटर डेम प्लेऑफबाहेर, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा टीमच्या स्पर्धेबाहेर, का राहिली?

चौथा_डाउन:
सप्टेंबर भरायला त्रास नसतो, कारण तेव्हा सगळेच कॉन्फरन्सबाहेर खेळतात. घोडं अडतं ऑक्टोबर-नोव्हेंबरला. बाकीच्या टीम आपापल्या कॉन्फरन्समध्ये गुंतलेल्या असतात, त्यामुळे रिकामा प्रतिस्पर्धीच सापडत नाही. लिबर्टी आणि न्यू मेक्सिको स्टेट दोघीही इंडिपेंडंट होत्या तेव्हा 2018 आणि 2019 या दोन्ही सीझनमध्ये त्या एकमेकींशी दोन-दोनदा खेळल्या, ते यामुळेच.

करार मुख्यतः दोन प्रकारचे. एक होम-अँड-होम: यंदा तुमच्याकडे, पुढे कधीतरी आमच्याकडे. हे कित्येक वर्षं आधी ठरतात. दुसरा पैशाचा: मोठी टीम रक्कम देऊन बोलावते आणि परत खेळायला येत नाही. अशा एका मॅचचे दहा लाख डॉलरच्या वरही मिळतात. छोट्या इंडिपेंडंट टीमचं बजेट यावर बरंच चालतं, पण दोनापेक्षा जास्त घेतल्या की रेकॉर्ड बिघडतो आणि खेळाडूंच्या दुखापतीही वाढतात.

करार मोडला तर भरपाई मिळते, पण त्या शनिवारी खेळायचं कोणाशी? 2020 मध्ये मोठ्या कॉन्फरन्सनी बाहेरच्या मॅच रद्द केल्या किंवा फार कमी केल्या, तेव्हा इंडिपेंडंट असलेल्या बीवाययूचं (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) वेळापत्रक कोसळलं. त्यांनी ते नव्याने उभं केलं. 5 डिसेंबरची कोस्टल कॅरोलायनाविरुद्धची मॅच तर लिबर्टीने कोविडमुळे माघार घेतल्यावर दोन दिवस आधी ठरली. बीवाययू 22-17 हरली आणि सीझन 11-1 वर संपला. कॉन्फरन्सचं कवच काय असतं, हे त्या वर्षी कळलं.

हाफटाइम:
नोटर डेमची गोष्ट वेगळी आहे. एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सशी करार असल्यामुळे वर्षाला सरासरी पाच मॅच तिथून येतात, आणि नोव्हेंबरचा प्रश्न बराचसा सुटतो. घरच्या मॅच 1991 पासून एनबीसी हे चॅनेल दाखवतं, म्हणजे टीव्हीचा पैसाही स्वतःचा. इतर कुणाकडे हे दोन्ही नाही. म्हणून बीवाययू, लिबर्टी, आर्मी, यूमास एकेक करून कॉन्फरन्समध्ये गेल्या.

गोलरेषा:
मग रिकाम्या तारखांना एफसीएसच्या, म्हणजे एक पायरी खालच्या पातळीच्या, टीम बोलावल्या तर? त्या तर सहज मिळतील.

चौथा_डाउन:
एक बोलवा, दुसरी टाळा. बाऊलसाठी (सीझननंतरच्या खास मॅचसाठी) 6 विजय लागतात आणि त्यात एफसीएसवरचा एकच धरतात. दोन्ही जिंकल्या तरी एफबीएसविरुद्ध 5 हवेतच, म्हणजे उरलेल्या 10 मॅचमध्ये निम्मं यश. शिवाय घरच्या मैदानावर एफबीएसच्या किमान 5 टीम यायला हव्यात, तेही मोजत राहावं लागतं.

हाफटाइम:
आता प्लेऑफ. 2025 मध्ये नोटर डेम पहिल्या दोन मॅच हरली: मायामीकडून 27-24, टेक्सस ए अँड एमकडून 41-40. पुढच्या दहाही जिंकल्या. प्लेऑफच्या टीम निवडणाऱ्या समितीच्या शेवटून दुसऱ्या क्रमवारीत नोटर डेम 10, बीवाययू 11, मायामी 12 होती. मधे बीवाययू असल्यामुळे नोटर डेम आणि मायामीची थेट तुलना होत नव्हती. बीवाययू आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे बिग 12 ची, फायनल टेक्सस टेककडून हरली आणि खाली गेली. मग दोघी शेजारी आल्या, आपसातला निकाल पाहिला गेला, मायामी 10 वर आणि नोटर डेम 11 वर. त्या वर्षी बारापैकी पाच जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना राखीव होत्या. टुलेन आणि जेम्स मॅडिसन क्रमवारीत खाली असूनही त्यातून आल्यामुळे दहावा क्रमांक हीच शेवटची जागा ठरली. मायामीही आपल्या कॉन्फरन्सची फायनल खेळली नव्हती, त्यामुळे केवळ घरी बसण्याची ही शिक्षा म्हणता येणार नाही. पण डिसेंबरमध्ये मत बदलायला आणखी एक मॅच हाताशी असणं, हे इंडिपेंडंट टीमच्या नशिबी कधीच नसतं.

टाइमआउट:
2024 मध्ये उलटी अडचण होती. पहिले चार सीड, म्हणजे पहिल्या फेरीची सुट्टी मिळणारे प्लेऑफमधले वरचे क्रमांक, फक्त कॉन्फरन्स चॅम्पियनना द्यायचे, म्हणून क्रमवारीत पाचवी असलेल्या नोटर डेमला सातवा सीड मिळाला आणि पहिल्या फेरीची सुट्टी शक्यच नव्हती. इंडियाना, जॉर्जिया, पेन स्टेट यांना हरवून ती फायनलला पोचली आणि ओहायो स्टेटकडून 34-23 हरली. तेव्हा प्लेऑफचे 2 कोटी डॉलर मात्र कुणाशी न वाटता पूर्ण तिचे राहिले. 2025 पासून सीड सरळ क्रमवारीने देतात.

गोलरेषा:
समजलं. म्हणजे पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आलं की आधी नोव्हेंबरचे शनिवार बघायचे.

चौथा_डाउन:
हो. आणि त्यातल्या किती मॅच घरी आहेत, तेही.