प्रतिसाद: बॉनमचा उजवा पाय

लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम म्हणजे नुसता दणदणाट, असं काही जण म्हणतात. दणदणाट आहेच, नाही कोण म्हणतो? पण लेड झेपलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बममधलं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ लावा आणि कान फक्त बेस ड्रमवर, म्हणजे पायाच्या पेडलने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर, ठेवा. ते भरभर पडणारे ठोके ऐकून दोन पेडल असावीत असं वाटतं. पेडल एकच, पायही एकच.

१९७१चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ ही तर वेगळीच गंमत. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत जिन्याखालच्या उंच हॉलमध्ये ड्रम मांडले आणि साउंड इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यातून टांगले. म्हणजे ड्रमबरोबर घरही वाजलं! चवथीला आमच्या फोंड्याकडे जुन्या घराच्या चौकात घुमट आरती (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य) ऐकलीय ना? तेच घुमट मैदानात किती कोरडं लागतं. तसंच हे.

लाइव्हमध्ये ९ जानेवारी १९७०चा रॉयल अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम बघाच. ‘मोबी डिक’ या त्याच्या ड्रम सोलोमध्ये गडी काठ्या बाजूला ठेवून चक्क हातांनी वाजवतो. बोटं, तळवे, सगळं. आपल्या घुमटवाल्यांना तो भाग आवर्जून दाखवा, मान डोलावतील. सोलो लांबतो हे मात्र खरं. मीसुद्धा कधी कधी पुढे सरकवतो, उगाच कशाला लपवा!

आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका हां. त्यात बेस ड्रम जवळजवळ गायबच होतो.