काळ्या दारूला मॅग्नम प्रायमर? काहून बे?

गारगोटी: परवा इथं एका भाऊनं ठोकून दिलं की बंदुकीच्या काळ्या दारूचं काडतूस भरायचं तर मॅग्नम प्रायमरच पाहिजे (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, मॅग्नम म्हणजे त्यातली मोठ्या भडक्याची), बाकीचं सगळं पोट्टेपणा. वाचून डोकं सटकलं. नोकरीपायी नऊ वर्षं अमेरिकेत होतो, ४५-७० रायफलची काडतुसं तिथंच भरली, तिथल्याच रेंजवर उडवली, म्हणून बोलून राहिलो. अरे, काळी दारू चकमकीच्या ठिणगीनं पेटते! मॅग्नम निघाला तो बिनधुराच्या दारूसाठी, जी पेटायला आळशी. काळीवर एवढा भडका सोडला तर दाबून बसवलेली दारू धड पेटायच्या आधीच हलते, दाणे चुरतात, अन् दर बाराला गोळीचा वेग वेगळा. मी लार्ज पिस्टल, म्हणजे पिस्तुलाचा कमी भडक्याचा प्रायमर लावायचो, त्यावर पेपरच्या कागदाची टिकली. ५०० मीटरवरचा लोखंडी मेंढा, म्हणजे मेंढ्याच्या आकाराचं निशाण, पडायचा, अजून काय पाहिजे?

मॅग्नमवाला: तो "एक भाऊ" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नको. मी अजून इकडं अमेरिकेतच आहे अन् दर महिन्याला नेमबाजीची मॅच खेळतो, तुझ्यासारखं "होतो" नाही. ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम दारूचा लांब थर, तो खालपासून वरपर्यंत सारखा जळायला पाहिजे की नाही? फेडरल कंपनीचा २१५ नंबरचा मॅग्नम लावल्यापासून माझ्या नळीतली काजळी मऊ पडून राहिली. अन् पिस्टल प्रायमर रायफल काडतुसाच्या बुडातल्या खड्ड्यात इंचाचे आठ हजारांश खोल बसतो हे सांगायचं सोयीस्कर विसरला का? ऐन मॅचमध्ये तो माझा दोनदा फुस्स झाला. लोखंडी कोंबडी २०० मीटरवर उभी, मी चाप ओढला, टक्! बाजूचा म्हातारा हसून राहिला.

गारगोटी: खोल बसतो, मान्य. तुझ्या घोड्याची स्प्रिंग ढिली आहे हेही मान्य कर. आणि बाकीच्यांनो, पिस्टल प्रायमरचा पत्र्याचा कप पातळ असतो, काळ्या दारूच्या दाबाला चालते, बिनधुराच्या रायफल काडतुसात हा शहाणपणा करू नका.

फुंकणी: दोघंही भांडा, पण काजळी प्रायमरनं नाही, ओलाव्यानं मऊ राहते. दोन बारांमधी ब्लो ट्यूबनं नळीत श्वास सोडता ना? आपल्या आजीची चुलीची फुंकणीच ती, फरक एवढाच की आजी जाळ करायची अन् तुम्ही वाफ सोडता. नागपूरच्या मे महिन्यात हे करून दाखवा, काजळीचं खापर होईल.

बर्डीवाला: प्रायमर प्रायमर काय लावलं? मराठीत टोपी म्हणतात. सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांच्या फौजेनं टोप्यांच्या बंदुका चालवल्या, तेव्हा कोणी मॅग्नम विचारला नव्हता.

गारगोटी: भाऊ, लढाई नोव्हेंबर १८१७ ची. तेव्हा तोड्याच्या अन् चकमकीच्या बंदुका. इंग्रज फौजेतच टोपी आली १८४० च्या आसपास. किल्ला पाहून आला म्हणजे इतिहास येत नाही.

बर्डीवाला: बरं बाप्पा, तुम्ही विद्वान. शब्द तरी मराठी वापरा.

काटोलकर: टोपीचं निघालंच आहे तर मी बोलतो. आमच्या आबाची ठासणीची बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या लायसनवर. आबा बार काढला की संध्याकाळी नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग तेलाचा बोळा. नळी अजून चकचकीत आहे, पण टोप्या कुठं मिळते? दुकानदार म्हणते पुढच्या महिन्यात ये. दोन वर्षं झाली. इकडं रोही, म्हणजे नीलगाय, अन् रानडुक्कर हरभरा साफ करून राहिले. मारायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून आम्ही नुसता हवेत बार काढतो, आता तोही निघत नाही.

धरमपेठी: जंगल तुम्ही तोडलं, मग डुक्कर कुठं जाईल? मुक्या जनावराला बंदूक दाखवायची हौस नुसती.

काटोलकर: ताई, हौस? तुम्ही एक रात्र जागलीला या. माझ्या चुलतभावाची मांडी फाडली डुकरानं, बावीस टाके. तुम्हाला रोही दिसते गाडीच्या काचेतून, फोटो काढायला.

धरमपेठी: भावाचं वाईट वाटलं. पण उपाय कुंपण आहे.

काटोलकर: कुंपणाचे पैसे तुम्ही पाठवा. रोही त्यावरून उडी मारते, तेही तिला समजावून सांगा.

मॅग्नमवाला: धागा प्रायमरचा होता…

काटोलकर: तुमच्याकडं डब्यानं प्रायमर मिळते म्हणून गरम का गार सुचते. दादा, दोन पाकिटं आणा की येताना.

सेमिनरी हिल्स: काहीही आणू नका! स्फोटकांचं खातं, पेसो, त्याचं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे अन् तुम्ही इथं उघडं लिहून राहिले. आपल्याकडं लायसनशिवाय घरी काडतूस भरणं हा आर्म्स ॲक्टचा गुन्हा आहे. अन् रायफलचा प्रायमर ठासणीच्या बंदुकीवर बसतही नाही, तिची टोपी वेगळी, ती बंदुकीच्या निपल नावाच्या बोंडावर बाहेरून चढते.

मॅग्नमवाला: बरोबर. असो. गारगोटी, काल तुझी कागदाची टिकली लावून पाहिली, २१५ च्याच पुढं. वेगातला फरक कमी झाला. पण श्रेय कागदाचं, तुझं नाही.

गारगोटी: म्हणजे भडका दाबल्यावर बरं झालं. मी दुसरं काय म्हणून राहिलो होतो?

मॅग्नमवाला: प्रायमर बदलणार नाही.

काटोलकर: चालू द्या तुमचं. हरभऱ्यानं घाटे धरले, मी जागलीला चाललो. आबाच्या डबीत अकरा टोप्या होत्या, काल दोन ओल्या निघाल्या. राहिल्या नऊ.