चॅपलेनला मराठीत काय म्हणावं? पाद्री, पाळक की आणखी काही?

कोयरी
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. भाचीला अमेरिकेत एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिकडून तिच्या आईवडिलांना एक जाडजूड माहितीपुस्तिका आली. आमच्या दाजींनी ती फोनमधल्या भाषांतरयंत्रातून काढली, तर एका पानावर हे वाक्य आलं: ‘आमचे प्रोटेस्टंट पादरी आणि कॅम्पस मंत्रालयाचे कर्मचारी तुमच्या मुलीची सेवा करण्यास उत्सुक आहेत.’

दाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मंत्रालय हा शब्द वाचून त्यांनी चष्माच पुसला. ताईचं लक्ष मात्र ‘पादरी’वर खिळलं. ‘पोरीला बाटवणार तर नाहीत ना?’ असं तीनदा विचारून झालं. आता ते पान मी नव्याने मराठीत लिहून देणार आहे. मूळ शब्द चॅपलेन (संस्थेने नेमलेला धर्मसेवक) आणि कॅम्पस मिनिस्ट्री (विद्यापीठाच्या आवारातलं धर्मकार्य). काय लिहू?

जुना खडू
मंत्रालय म्हणजे यंत्राची कमाल आहे. लॅटिनमध्ये ‘मिनिस्टर’ म्हणजे सेवक, हाताखालचा माणूस. राजाचा सेवक मोठा होत होत मंत्री झाला, चर्चमधला मात्र सेवकच राहिला. तेव्हा मिनिस्ट्रीला ‘सेवा’ म्हटलं तर अर्थ आणि व्युत्पत्ती दोन्ही साधतात.

चॅपलेनची कथा त्याहून झकास आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन सैनिक होता, पुढे तो तूरचा बिशप झाला. फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला, तेव्हा त्याने आपला झगा तलवारीने मधोमध कापून अर्धा त्याला दिला, अशी आख्यायिका आहे. झग्याला लॅटिनमध्ये ‘काप्पा’, छोट्या झग्याला ‘काप्पेल्ला’. तो झगा पुढे फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला. तो जिथे ठेवला ते चॅपल, आणि जे सांभाळायचे ते चॅपलेन. म्हणजे मुळात हा झग्याचा राखणदार. राजा स्वारीवर निघाला की झगाही बरोबर, आणि त्यामागे हेही. एका गावाला बांधलेले नव्हते ते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मांडवीकाठ
आमच्याकडे गोव्यात छोट्या प्रार्थनाघराला ‘कोपेल’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कापेला’, म्हणजे हाच झगा. आणि ‘पाद्री’ हा पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे बाप. आपल्या ‘पितृ’चा लांबचा भाऊबंद. कोयरीताई, तुमच्या ताईंना सांगा, पाद्री हा शब्द व्युत्पत्तीने घरचाच आहे. (त्याने भीती कमी होणार नाही, हे मलाही कळतं.)

भिंगारवाला
मी नगरचा, घरात तीन पिढ्या प्रोटेस्टंट. ‘पाद्री’ आम्ही आमच्या तोंडाने क्वचितच वापरतो, तो बाहेरच्यांचा शब्द. कॅथलिक लोक ‘फादर’ म्हणतात, आणि तोच साऱ्या महाराष्ट्राला माहीत. दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा सगळे ‘फादर दिब्रिटो’च म्हणत होते. आमच्यात मात्र ‘पाळक’. समोर असतील तर पाळकसाहेब, पत्रिकेवर रेव्हरंड. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ, त्यावरून पाळक. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र आम्हाला बाराखडीबरोबरच शिकवलेलं. मिनिस्ट्रीला आम्हीही सेवाच म्हणतो. ‘काका काय करतात?’ ‘सेवेत आहेत.’ यात नोकरीचा संबंध नाही, सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंदेशाचं काम करतात असा अर्थ.

पण इथे पाळक चालणार नाही. पाळकाला ‘मंडळी’ लागते. मंडळी म्हणजे एका चर्चचे नोंदलेले सभासद. त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, मयत, वर्गणीची भांडणं, सगळं पाळकाच्या वाट्याला. चॅपलेनला अशी मंडळी नसते. ज्या संस्थेत तो नेमला, तिथला कोणीही त्याचा.

दुसरी अडचण छापखान्याची. पुस्तिका पालकांसाठी आहे. आमच्या चर्चच्या वार्षिकात एकदा ‘सर्व पाळकांचे आभार’ हे तपासनिसाने ‘सर्व पालकांचे’ करून टाकलं होतं. तुमच्याकडे उलट झालं तर दाजींनाच मेंढरं राखायला लावाल.

बोरीबंदर
भिंगारवाले, अगदी नेमकं बोललात. मुंबईच्या इतिहासात हाच फरक दगडावर कोरल्यासारखा दिसतो. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८च्या नाताळात उघडलं, ते रिचर्ड कॉब यांच्या खटपटीने. हे कॉब ईस्ट इंडिया कंपनीचे चॅपलेन, म्हणजे कंपनीचे पगारी नोकर. काम कंपनीच्या गोऱ्या माणसांपुरतं. मिशनरी म्हटलं की मात्र कंपनीच्या कपाळाला आठ्या. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तर सरकारने त्यांना परत पाठवायचा घाट घातला. पुष्कळ अर्जविनंत्यांनंतर ते राहिले. त्यांचंच पुढे अमेरिकन मराठी मिशन झालं, आणि त्याच मिशनने १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं.

तेव्हा चॅपलेन संस्थेच्या आतल्या माणसांसाठी, मिशनरी बाहेरच्यांकडे जाणारा. आपल्याकडे दोघांनाही ‘पाद्री’च म्हटलं गेलं, आणि ताईंच्या काळजीचं मूळ तिथेच आहे.

जुना खडू
त्यातली गंमत म्हणजे या मिशनचं बीज एका कॉलेजच्या आवारातच पडलं. मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेज आहे. १८०६च्या ऑगस्टात तिथले पाच विद्यार्थी मैदानात प्रार्थनेला जमले. गडगडाटी पाऊस आला म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि परदेशी मिशनचा विचार तिथे पक्का झाला. १८१० मध्ये त्यातून परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. गॉर्डन हॉल त्याच कॉलेजचा. १८२६ मध्ये नाशिकजवळ पटकीने गेला. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांत चालवलेलं धर्मकार्य हा कॅम्पस मिनिस्ट्रीचा एक जुना झरा.

पदकोश
नमस्कार. ‘विद्यापीठीय अध्यात्म-समुपदेशक’ असा शब्द सुचवतो. अर्थवाही आहे, लिंगनिरपेक्षही करता येतो.

मांडवीकाठ
एका दमात म्हणून दाखवा.

भिंगारवाला
आणि ‘धर्मगुरू’ सुचवणार असाल तर विद्यापीठात आधीच एक कुलगुरू बसलेले असतात. ‘कुलगुरूंनी धर्मगुरूंची नेमणूक केली’ हे वाक्य कीर्तनात शोभेल.

बर्फाळ
मी बावीस वर्षं बॉस्टनजवळ राहतो. शब्दाआधी माणूस दाखवतो.

मी इथे शिकायला होतो तेव्हा साताऱ्याला वडील गेले. रात्री दोनला फोन आला. सकाळी सातला दारावर टकटक. वसतिगृहाच्या रेक्टरबरोबर एक पन्नाशीच्या बाई, लोकरी टोपी, बुटांना बर्फ. विद्यापीठाच्या चॅपलेन, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या. खोलीत एकच खुर्ची, तर त्या सरळ जमिनीवर बसल्या. बायबल नाही, उपदेश नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे आता काय करतात?’ मी म्हटलं, दहा दिवस दिवा लावतात. पण वसतिगृहात ज्योत पेटवायला बंदी, साधी मेणबत्तीसुद्धा नाही. त्यांनी चॅपलच्या तळघरातल्या खोलीची किल्ली दिली. परीक्षेमुळे मला जाता आलं नाही. दहा दिवस मी ख्रिस्ती प्रार्थनाघरात तिळाच्या तेलाचा दिवा लावला. तेल त्यांनीच चिनी दुकानातून आणलेलं, भाजक्या तिळाचं. सगळीकडे नूडल्सचा वास! वडील असते तर हसले असते.

हे बाटवणं नव्हे, हे ताईंना सांगा. आणि चॅपलेनशी बोललेलं साधारणपणे त्यांच्याजवळच राहतं. प्राध्यापकांना काही गोष्टी कळल्या की वर कळवाव्या लागतात, धर्मसेवकाला बहुतेक ठिकाणी त्यातून सूट असते. पोरं तिथे जातात ती बरेचदा याचसाठी.

आता शब्दांचा एक बारकावा. ‘चॅपलेन’ आणि ‘कॅम्पस मिनिस्टर’ एकच असतील असं नाही. पहिल्याला बहुतेक वेळा विद्यापीठ पगार देतं. दुसऱ्याला त्याचं चर्च किंवा संघटना. मेथडिस्टांची वेस्ली फाउंडेशन १९१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली, तेव्हापासून पंथोपंथीच्या अशा शाखा कॅम्पसला लागून आहेत. काही नुसत्या कॉफी आणि गप्पांच्या, काही खरोखर प्रचार करणाऱ्या. तेव्हा ताईंची शंका अगदीच वेडी नाही. फक्त ती चुकीच्या माणसाबद्दल होती.

पदकोश
मग ‘प्रोटेस्टंट चॅपलेन’ असं का लिहितात? तो सगळ्यांसाठी असेल तर प्रोटेस्टंट कशाला?

बर्फाळ
कारण आता एकटा तोच नसतो. हार्वर्डमध्ये १८८६ पर्यंत रोजच्या प्रार्थनेला हजेरी सक्तीची होती, येलमध्ये १९२६ पर्यंत. तेव्हा तिथे ‘चॅपलेन’ म्हटलं की प्रोटेस्टंट हे गृहीतच. पुढे कॅथलिक, ज्यू, मुस्लिम आले. प्रिन्स्टनमध्ये २००८ पासून हिंदू चॅपलेन आहे. मग जुन्या शब्दाला विशेषण लावावं लागलं. ‘दूध’ म्हटलं की एके काळी कळायचं, आता ‘गाईचं की म्हशीचं’ विचारतात, तसं. आणि २०२१ मध्ये हार्वर्डच्या चाळीसहून अधिक चॅपलेननी आपला अध्यक्ष निवडला तो ग्रेग एपस्टाईन, चक्क नास्तिक.

भिंगारवाला
नास्तिक पाद्री! संपला विषय. पाद्री हा शब्द बाद.

शिधापेटी
उशिरा लिहितोय. मी लष्करातून निवृत्त. तुम्ही सगळे समुद्रापार शोधताय, शब्द पलटणीत आहे. आपल्या सैन्यात धर्मशिक्षक असतात, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) हुद्द्याचे. मराठ्यांच्या पलटणीत पंडितजी, शिखांच्यात ग्रंथी, शिवाय मौलवी, पाद्री, ज्या त्या गरजेप्रमाणे. आमचे पंडितजी गावच्या भटजींसारखे नव्हते. दक्षिणा नाही, यजमान नाहीत. पलटण हलली की तेही हलले, तंबूत देव मांडला. सुट्टी नाकारलेला जवान रात्री त्यांच्याकडेच जाऊन बसायचा.

जुना खडू
झग्यामागून चालणारे! मघाशी म्हटलं होतं, मुद्दा लागेल.

पदकोश
‘धर्मशिक्षक’ पटतं, पण शाळेतल्या मास्तरांसारखं वाटतं.

कोयरी
सगळ्यांचे आभार. अखेर असं लिहिलं: ‘विद्यापीठात वेगवेगळ्या धर्मांचे चॅपलेन आहेत. पलटणीत जसे पंडितजी असतात तसे हे विद्यापीठाचे. त्यांपैकी प्रोटेस्टंट चॅपलेन आणि कॅम्पसवर सेवाकार्य करणारे त्यांचे सहकारी यांना कोणत्याही धर्माचा विद्यार्थी भेटू शकतो. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.’ शेवटचं वाक्य मूळ पुस्तिकेत नाही, ताईसाठी घातलंय.

चॅपलेन तसाच ठेवला. रेक्टर, डीन, वॉर्डन चालतात तर हाही चालेल. दाजींना पलटणीचे पंडितजी म्हटल्याबरोबर समजलं, त्यांचे मामा सैन्यात होते. ताईने पुस्तिकेतला फोटो बघितला, तर तिशीतल्या एक बाई, गळ्यात पांढरी पट्टी. आता तिची नवी शंका: हिला हाक काय मारायची? फादर तर नाहीच. पाळकीणबाई म्हणावं तर मला पाटलीणबाईंसारखं पाळकाची बायको वाटतं.

बर्फाळ
नावाने. अगं-तुगं करायचं नाही एवढंच भाचीला सांगा, ते इंग्रजीत आपोआपच जमतं.

भिंगारवाला
नगरला आल्या तर आम्ही रेव्हरंडबाई म्हणू. आणि तिळाचं तेल आम्ही देऊ, न भाजलेलं.