टोकनायझर डेटाबेसच्या आत हवा की बाहेर? सीमाभागातल्या एका ग्रंथसूचीवरून चर्चा

मांडणी (टिळकवाडी, बेळगाव)

आमच्या भागातल्या एका वाचनालयाची मराठी, कन्नड आणि इंग्रजी पुस्तकांची एकत्र सूची एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आहे आणि तिच्यातला शोध एफटीएस५ या त्याच्या शोधाच्या भागावर चालतो. तेथे ‘मेळा’ शोधले की ‘माळी’, ‘मुळा’, ‘मोळी’ हे शब्द असलेली पुस्तकेही समोर येतात. एफटीएस५चा मूळ टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग), म्हणजे युनिकोड६१, प्रामुख्याने अक्षरे आणि अंक या युनिकोड वर्गांतली चिन्हेच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांचे वर्ग वेगळे असल्यामुळे त्या प्रत्येक ठिकाणी शब्द तुटतो. ‘बेळगाव’चे ‘ब’, ‘ळग’ आणि ‘व’ असे तीन तुकडे पडतात, तर वरच्या चारही शब्दांचे ‘म’ आणि ‘ळ’ एवढेच उरते. हे वर्ग कॅटेगरीज या पर्यायात घातले की तोडफोड थांबते, हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतरही ‘शाळा’ शोधणाऱ्याला ‘शाळेत’ आणि ‘शाळेसमोर’ सापडत नाहीत.

म्हणून माझे मत असे आहे की टोकनायझर हा डेटाबेसच्या आतच, पण बदलता येण्याजोगा भाग असला पाहिजे आणि त्याचा इंटरफेस शक्य तितका अरुंद असला पाहिजे. तयार करणे, तोडणे आणि मोकळे करणे एवढी तीन फंक्शने पुरेत. एफटीएस५ने हेच केले आहे. तोडणाऱ्या फंक्शनला मजकूर, त्याची लांबी आणि तो नोंदीचा आहे की शोधाच्या प्रश्नाचा हे कळावे. त्याने प्रत्येक टोकनसोबत, म्हणजे तोडलेल्या तुकड्यासोबत, मूळ मजकुरातला सुरुवातीचा व शेवटचा बाइट परत द्यावा आणि एकाच जागी दोन टोकने ठेवण्याची मुभा असावी, म्हणजे ‘शाळेत’ आणि त्याचे मूळ रूप ही दोन्ही एकाच स्थानावर नोंदवता येतील. बाइटच्या जागांबद्दल मी आग्रही आहे. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, ‘बेळगाव’ अठरा बाइटांचे होते, आणि ही मोजणी चुकली तर शोधलेला शब्द ठळक दाखवताना वेलांटी अर्धवट कापली जाते.

उत्तर (खानापूर)

आपले निदान मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. बदलता येण्याजोगा टोकनायझर म्हणजे व्यवहारात सी भाषेत लिहिलेले आणि डेटाबेसच्या प्रक्रियेतच चालणारे एक्स्टेन्शन (जोडभाग). त्यात एक चुकीचा पॉइंटर (स्मृतीतला पत्ता) असला की शोधाबरोबर सगळा प्रोग्राम कोसळतो. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नवा पार्सर (तेथला मजकूर तोडणारा भाग) नोंदवायला सुपरयूजरचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, अधिकार लागतो आणि भाड्याच्या सर्व्हरवर तो सहसा मिळत नाही. ज्या वाचनालयाला संगणकाचा माणूस आठवड्यातून एकदा भेटतो, त्याच्या गळ्यात आपण हे बांधणार आहोत का?

शिवाय मराठीचे नियम स्थिर नाहीत, ते रोज सुधारावे लागतात. ‘दुसऱ्या’ हा एकच शब्द घ्या. कोणी ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असा टाइप करतो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा जोडक आणि ‘य’ असा. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. अशी सफाई नोंद घेतानाच पायथॉनच्या चार ओळींत करावी, साफ केलेला मजकूर वेगळ्या कॉलममध्ये ठेवावा आणि इंडेक्स (शोधाची अनुक्रमणिका) त्या कॉलमवर बांधावा. डेटाबेसला रिकाम्या जागेवर शब्द तोडता आले तरी पुरे. चूक सापडली तर तो कॉलम उघडून डोळ्यांनी पाहता येतो. इंडेक्सच्या पोटातले टोकन तितक्या सहज दिसत नाही.

प्रत्युत्तर (टिळकवाडी)

आपल्या चार ओळी नोंदीच्या वेळी चालतील, पण प्रश्नाच्या वेळी त्या कोण चालवणार? सूचीत भर घालणारा प्रोग्राम पायथॉनचा, वाचकांचे पान जावास्क्रिप्टचे, आणि उद्या कोणी थेट एसक्यूएल लिहून शोधेल. तिन्ही ठिकाणी तेच नियम, त्याच क्रमाने, तंतोतंत असायला हवेत. एका ठिकाणी जोडक काढला आणि दुसरीकडे तसाच राहिला, तर त्रुटीचा संदेशही येत नाही. पुस्तक कपाटात असूनही वाचकाला ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. ही चूक मला प्रोग्राम कोसळण्याहून गंभीर वाटते, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही. टोकनायझर आत असेल तर नोंद आणि प्रश्न दोन्ही एकाच दारातून जातात.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तयार शब्दांचा अ‍ॅरे थेट टीएसव्हेक्टरमध्ये (शोधासाठीच्या शब्दयादीत) बदलणारे फंक्शन आहे आणि आपली पद्धत तिकडेच नेते. पण त्यात शब्दांच्या जागा उरत नाहीत, म्हणून लागोपाठ शब्दांचा शोध चालत नाही. जागा स्वतः लिहून देता येतात, हे खरे. पण तसे केले की टोकनायझरचे निम्मे काम आपण बाहेर पुन्हा लिहिलेलेच असते.

उत्तर (निपाणी)

दोघांच्या वादात या भागाची मुख्य अडचण बाजूला राहते आहे. आमच्याकडे एकाच तक्त्यात एक ओळ मराठी आणि पुढची कन्नड असते, म्हणून भाषा ही तक्त्याची नव्हे, तर ओळीची बाब आहे. मांडणीतल्या इंटरफेसमध्ये तिला जागाच नाही. एफटीएस५लाही ती उशिरा मिळाली, २०२४च्या ३.४७ आवृत्तीपासून प्रत्येक मजकुरासोबत लोकेल (भाषेची खूण) टोकनायझरपर्यंत पोहोचवता येते.

लिपीचेच पाहा. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांचे तक्ते इस्की या जुन्या भारतीय संकेतप्रणालीच्या क्रमावर बेतलेले असल्यामुळे बहुतेक अक्षरे ठरावीक अंतरावर समोरासमोर येतात. त्यामुळे कन्नड लिपीतले बेळगावचे नाव एका वजाबाकीने देवनागरीत आणता येते. मात्र कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आहेत आणि त्या नावात ऱ्हस्व आहे, शिवाय शेवटची ‘वि’ही ऱ्हस्व आहे. म्हणून हाती येते ते ‘बॆळगावि’, आणि आपण लिहितो ‘बेळगावी’. शोधापुरता हा भेद पुसायचा, तर दोन्ही भाषांचे टोकनायझर एकमेकांना ओळखणारे असावे लागतात. ज्या इंटरफेसला ओळीची भाषा कळत नाही, तो आत ठेवा किंवा बाहेर, आमच्या उपयोगाचा नाही.

आणखी एक. मूळ रूप काढण्याचे काम टोकनायझरकडे देऊच नये. पोस्टग्रेएसक्यूएलने तोडणारा पार्सर आणि रूप बदलणारी डिक्शनरी वेगळी ठेवली, आणि त्यामुळेच हिंदी, नेपाळी, तमिळ यांचे स्नोबॉल स्टेमर (मूळ रूप काढणारे प्रोग्राम) पार्सरला हात न लावता आणता आले. मराठीचा स्टेमर उद्या कोणी केला, तर तोही तेथेच बसेल.

प्रत्युत्तर (खानापूर)

ओळीची भाषा हा मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या पद्धतीत तो आपोआप सुटतो, कारण बाहेरच्या प्रोग्रामला ओळीतले सगळेच कॉलम दिसतात.

पण टिळकवाडीच्या सरांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. मजकूर बाहेरच्या तक्त्यात ठेवून एफटीएस५चा फक्त इंडेक्स वापरला, तर नोंद काढताना जुना मजकूर पुन्हा टोकनायझरमधून जातो आणि जी टोकने निघतील ती इंडेक्समधून वगळली जातात. मधल्या काळात आपण टोकनायझर सुधारला असेल, तर जुनी टोकने तशीच पडून राहतात आणि कधीच न घातलेली वगळली जातात. इंडेक्स बिघडतो, तोही गुपचूप. आपण ज्याला गंभीर म्हणालात तीच चूक आपल्याही पद्धतीत आहे.

प्रत्युत्तर (टिळकवाडी)

आक्षेप रास्त आहे. म्हणून इंटरफेसमध्ये चौथी गोष्ट घालतो: टोकनायझरने स्वतःची आवृत्ती सांगावी, इंडेक्स बांधताना ती इंडेक्समध्येच लिहिली जावी आणि उघडताना दोन्ही जुळल्या नाहीत तर लिहिणे थेट नाकारले जावे. तेवढ्यावर वाचणे चालू ठेवता येईल आणि मूळ मजकूर हाताशी असल्यामुळे पूर्ण इंडेक्स पुन्हा बांधता येईल. एका तालुक्याच्या वाचनालयाच्या सूचीला हे जड जाणार नाही. निपाणीच्या सूचनेप्रमाणे भाषाही तोडणाऱ्या फंक्शनपर्यंत जाईल. स्टेमर वेगळा ठेवण्याबाबत मात्र मी सहमत नाही. ‘शाळेसमोर’मध्ये कोठवर नाम आणि कोठून शब्दयोगी अव्यय, हे ठरवणे तोडण्याचाच भाग आहे, ते काम डिक्शनरीकडे दिले तर ‘समोर’ची बाइटची जागा तिला कोठून मिळणार?