नवीन मोबाईल घेतला, खरंच कामाचे ॲप सांगा भो (टॉप टेनवाले व्हिडिओ नको)

धरणगावचा_पोऱ्या
राम राम मंडळी. जुना मोबाईल गेला एकदाचा, नवीन घेतलाय, १२८ जीबीवाला अँड्रॉइड. उघडला तर कंपनीनेच गेम आणि शॉपिंगचे एवढे ॲप भरून दिलेत की अर्धा दिवस ते उडवण्यातच गेला. यूट्यूबवर "हे ॲप नाही तर तुमचा फोन डबडा" टाईपचे व्हिडिओ बघितले, त्यात सगळे वॉलपेपर, फोटो एडिटिंग नाहीतर आयकॉन बदलायचे. आपल्याला काय करायचं त्याचं?
माझी परिस्थिती सांगतो. घरची कोरडवाहू जमीन, कापूस असतो. मी जळगावला नोकरी करतो, रेल्वेने रोज अपडाऊन. शेतात रेंज म्हणाल तर बांधावरच्या निंबाखाली एक काडी येते, बाकी राम भरोसे. घरी आजोबा आहेत, त्यांना ऐकू फार कमी येतं आणि मशीन कानात घालत नाहीत, शिट्टी वाजते म्हणे.
तर असे ॲप सांगा जे तुम्ही स्वतः वापरता आणि महिन्यानंतरही फोनमध्ये टिकलेत. मराठीत असतील तर उत्तम, जाहिराती नसतील तर अजून उत्तम.

रावेर_केळीवाला
पहिलं दामिनी टाक, बाकीचं नंतर वाच. मृगाच्या तोंडावर आपल्याकडे वीज कशी पडते ते तुला सांगायला नको, दरवर्षी बातम्या असतात, झाडाखाली थांबला आणि गेला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय. उघडलं की तुझ्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरचं वर्तुळ दिसतं आणि गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांत वीज कुठे कुठे पडली त्याच्या वेगवेगळ्या रंगाच्या खुणा. मजूर कामाला असले की मी दुपारनंतर बघत राहतो, खुणा सातपुड्याकडून खाली सरकायला लागल्या की सरळ सुट्टी, सगळे पक्क्या घरात. आभाळ डोक्यावर काळं व्हायची वाट बघायची नाही, कारण वीज ढगाच्या पुढेही पडते. आणि तू म्हणतोस त्या निंबाखाली उभं राहून ॲप बघू नको बापा, ते उलटंच होईल. घरून निघतानाच बघून घ्यायचं.

दुसरं प्लांटिक्स. पानाचा फोटो काढ, रोग सांगतं, मराठीत आहे. पण त्याचं ऐकायचं किती ते आपण ठरवायचं. केळीवर हरण्या (सीएमव्ही, विषाणूचा रोग) येतो तेव्हा पानावर पिवळे पट्टे दिसतात, सुरुवातीला ते अन्नद्रव्याच्या कमतरतेसारखेच वाटतात, फोटोवरून ॲपच काय माणूसही फसतो. फरक पैशाचा आहे. कमतरता असली तर ठिबकमधून खत सोडून भागतं, हरण्याला औषधच नाही, झाड कंदासकट उपटून बागेबाहेर नेऊन गाडावं लागतं आणि मावा (रोग पसरवणारी कीड) आवरावा लागतो नाहीतर रोग शेजारच्या खोडांवर जातो. म्हणून ॲपने काहीही सांगितलं तरी मी तोच फोटो पालच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांना पाठवतो. ॲपचा फायदा एवढाच की काय विचारायचं ते आधी कळतं. आणि खाली औषधाचं नाव दाखवलं की लगेच दुकानात पळायचं नाही.

कापूसवाल्यांसाठी मात्र दोन ॲप मनात असो नसो ठेवावेच लागतात. एक ई-पीक पाहणी, सातबाऱ्यावर पीक लागायचं तर शेतात उभं राहून फोटो काढून नोंद करायची, चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्त होते. दुसरं सीसीआयचं (सरकारी कापूस महामंडळ) कपास किसान. २०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस द्यायचा तर नोंदणी त्याच्यावरच, स्लॉटही तिथूनच घ्यायचा. भाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता, खाजगीत त्याच्या खाली मागत होते म्हणून सगळे धावले. पण सातबाऱ्यावर कापूसच लागलेला नाही तर तिथे गाडी अडते, म्हणजे पहिलं ॲप केलं नाही तर दुसरं कामाचं नाही. आणि स्लॉट मिळाला म्हणून ओला माल भरून नेऊ नको, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात आणि १२ च्या वर घेतच नाहीत. ते कोणतंही ॲप सांगत नाही, अंगणात वाळवूनच न्यावं लागतं.

अपडाऊन_भुसावळ
अपडाऊनवाला दिसला की हात वर. रेलवन टाक भो. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने काढलं, जनरल तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट, पास, रिझर्वेशन सगळं एकात. आधीचं यूटीएस (जनरल तिकिटाचं ॲप) किंवा रेल कनेक्टचं (रिझर्वेशनचं ॲप) खातं असेल तर त्याच लॉगिनने आत जाता येतं, नवीन भानगड नाही.
एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. मोबाईलवरचं कागद नसलेलं तिकीट फलाटावर पोचल्यावर किंवा गाडीत बसून निघत नाही, जीपीएसने अडवतं, म्हणजे टीसी दिसला की तिकीट काढू ही आयडिया चालत नाही. घरून किंवा रिक्षात बसल्या बसल्या काढून ठेवायचं. राहिलंच तर स्टेशनात क्यूआर लावलेले असतात, तो स्कॅन करून निघतं. आणि स्क्रीनशॉट दाखवायचा नाही, तो धरत नाहीत, तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवायचं. काढलेलं तिकीट नेट नसतानाही उघडतं.

गाडी कुठे आहे त्यासाठी व्हेअर इज माय ट्रेन, ते तर तुझ्याकडे असेलच. बरेच जण ते नेट चालू ठेवूनच बघतात, पण गाडीत बसलेला असशील तर नेट आणि जीपीएस दोन्ही बंद ठेव, मोबाईल टॉवरवरून ते जागा ओळखतं. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडे सुरत लाईनने रात्री जाताना बाहेर अंधारात काही कळत नाही, तेव्हा ह्याच्यावर अलार्म लावून झोपायचं. गुगलने २०१८ ला विकत घेतलंय ते, मूळ आपल्याच बेंगळुरूच्या पोरांचं.

शिरपूर_भाऊ
मन्हा मोबाईलमा जागाच नही शे भो. व्हॉट्सॲपना गुड मॉर्निंगनीच भरी जास.

अपडाऊन_भुसावळ
@शिरपूर_भाऊ फाईल्स बाय गुगल टाका, एकच फोटो चारदा आलेला असेल तर शोधून देतं. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया ऑटो डाऊनलोड बंद करा, गुड मॉर्निंग आपोआप बाहेरच राहतील.

कमी_ॲप_जास्त_सुख
मी जरा उलटं बोलतो. मोबाईल दुरुस्तीचं काम करतो, रोज लोकांचे फोन हातात येतात. जे काम महिन्यातून एकदा करायचं त्याला ॲप कशाला? सातबारा पाहिजे तर महाभूमीच्या वेबसाईटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा निघतो, क्रोममधून होम स्क्रीनला शॉर्टकट टाका, संपलं. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, कंपास हे फोनमध्ये आधीच असतं, तरी लोक वेगळं टाकतात आणि मग तो टॉर्च कॉन्टॅक्ट आणि मेसेजची परवानगी मागतो. उजेड पाडायला तुझ्या मामाचा नंबर कशाला लागतो रे त्याला?
कागद स्कॅन करायला गुगल ड्राईव्हमध्येच कॅमेऱ्याचं बटण आहे, पीडीएफ होते. कॅमस्कॅनर आणि शेअरइट सरकारने जून २०२० मध्ये बंद केलेल्या ५९ ॲपमध्ये होते, तरी अजून कोणीतरी त्याची एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल) फॉरवर्ड करतंच.

आणि एपीकेवरून आठवलं, हे सगळ्यांनी घरी वाचून दाखवा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओ चलान, पीएम किसानची यादी अशा नावाने फाईल येते, शेवटी डॉट एपीके असतं. तुमच्या ओळखीच्या नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. उघडून इन्स्टॉल केली की ती मेसेज वाचायची परवानगी घेते, म्हणजे ओटीपी तिकडे. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. पैसे गेले तर रडत बसायचं नाही, ताबडतोब १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. पहिल्या तासाभरात केला तर पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त.

मी स्वतः ठेवलेलं सरकारी ॲप एकच, संचार साथी. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, आणि फोन हरवला तर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) ब्लॉक करता येतो. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी प्रत्येक नवीन फोनमध्ये ते आधीच टाकून द्यायचा आदेश काढला होता सरकारने, ओरड झाली आणि काही दिवसांत मागे घेतला. माझं म्हणणं, जबरदस्ती नको ते बरोबर, पण ॲप कामाचं आहे. ॲप नको असेल त्याने वेबसाईटवरून तेच करावं.

बाई_अमळनेरच्या
धरणगावकर दादा, तुमच्या आजोबांसाठी सांगते, बाकी सगळे शेती आणि रेल्वेतच अडकले. लाईव्ह ट्रान्स्क्राईब म्हणून गुगलचं फुकट ॲप आहे, बऱ्याच फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये आधीच असतं. भाषा मराठी निवडायची आणि फोन समोर ठेवायचा, तुम्ही बोलाल ते मोठ्या अक्षरात उमटत जातं. माझ्या सासऱ्यांना वाचता येतं पण ऐकू येत नाही, आधी सगळे त्यांच्या कानाशी ओरडायचे आणि ते चिडायचे, आता जेवताना फोन तांब्याला टेकवून ठेवतो आणि ते वाचून उत्तर देतात. परवा नणंदा बट्ट्या तुपात बुडवता बुडवता हळू आवाजात त्यांच्याच तब्येतीचं बोलत होत्या, तेही उमटलं आणि त्यांनी वाचलं, मग जी काय धांदल!
मराठीसाठी नेट लागतं हे लक्षात ठेवा. एका वेळी एकानेच बोलायचं, चौघं बोलले की खिचडी होते. आणि अहिराणी किंवा लेवा बोलीत बोललात तर ते आपल्या मनाने काहीतरी लिहितं, जरा पुस्तकी बोलावं लागतं. अक्षर मोठं करायचं बटण सेटिंगमध्ये आहे, ते आधी करून द्या.

शाळेत मी लोकलसेंड वापरते. फोनमधला व्हिडिओ वर्गातल्या कॉम्प्युटरवर पाठवायचा तर केबल सापडत नाही आणि व्हॉट्सॲपने पाठवला की धूसर होतो. दोन्हीकडे लोकलसेंड टाकायचं, फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, दोन्ही एकाच वायफायवर आले की झालं. नेटचा डेटा जात नाही, जाहिरात नाही, खातं उघडायला लागत नाही, अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळ्यावर चालतं.

धरणगावचा_पोऱ्या
बाई, हे तर माहितीच नव्हतं, आज रात्रीच दाखवतो आजोबांना. लोकमत रोज भिंगाने वाचतात त्यामुळे वाचायचा प्रश्न नाही.
दामिनी टाकलं. एकच, काल संध्याकाळी गडगडत होतं तरी फोनवर सूचना काही आली नाही, उघडल्यावर मात्र नकाशात खुणा दिसल्या. असं का?
अजून एक, पावसाळ्यात मित्रांचं तोरणमाळला जायचं चाललंय. वर रेंज नसते म्हणतात, नकाशाचं काय?

सातपुडा_भटक्या
तोरणमाळसाठी ऑर्गॅनिक मॅप्स. घरी वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवायचा, मग सिम काढून टाकलं तरी चालतं. गुगल मॅपमध्येही ऑफलाईन नकाशा उतरतो पण पायवाटा ऑर्गॅनिकमध्ये जास्त सापडतात, कारण तो ओपनस्ट्रीटमॅपवर चालतो, लोकांनीच भरलेला. ज्या वाटेने कोणी गेलंच नाही ती त्यात नसणार, त्यामुळे पाड्यावरच्या माणसाला विचारायची लाज धरू नका. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या.
आणि मर्लिन टाका, कॉर्नेल विद्यापीठाचं पक्षी ओळखायचं ॲप. भारताचा पॅक आधी उतरवून ठेवला की नेटशिवाय आवाजावरून पक्षी सांगतं. पहाटे यशवंत तलावाकाठी नुसता फोन धरून उभं राहिलात तरी नावं येत जातात. ह्याच शहाद्याजवळच्या जंगलात १९९७ ला रानपिंगळा परत सापडला होता, त्याआधी शंभरावर वर्षं तो नामशेषच धरला होता जगाने. पण ॲपने काही भारी नाव दाखवलं म्हणून लगेच स्टेटस टाकू नका, डोळ्याने दिसला तर खरं. आणि आवाज वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, विणीच्या दिवसांत तर अजिबात नाही.

कमी_ॲप_जास्त_सुख
@धरणगावचा_पोऱ्या सूचना न येण्याचं कारण बहुतेक फोनच असणार. नवीन फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप झोपवून टाकतात. सेटिंगमध्ये ॲप्स, मग दामिनी, मग बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड कर. लोकेशनची परवानगी "ॲप वापरताना" अशी असेल तर "नेहमी" कर, आणि नोटिफिकेशन चालू आहे का बघ. काही फोनमध्ये ऑटोस्टार्ट म्हणून वेगळं बटण असतं, तेही चालू. रेंज नसेल तर मात्र ह्यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे गडगडाट ऐकू आला की पक्कं घर गाठायचं. हे करून बघ, नाही जमलं तर फोनचं मॉडेल इथे टाक, मी बघतो.