विषय: चार दिवसांत भृगू सरोवर (हिमाचल प्रदेशातील मनालीजवळचे)
ठाण्याहून निघून, विमानाने प्रवास करून दुसऱ्याच दिवशी मनालीहून भृगू सरोवराची चढाई सुरू करण्याचा आणि चार दिवसांत परतण्याचा आपला बेत मला धोक्याचा वाटतो. ठाणे जवळजवळ समुद्रसपाटीवर, मनाली सुमारे २,००० मीटरवर आणि सरोवर ४,२०० मीटरच्याही वर असल्यामुळे, ठाण्याजवळच्या येऊरच्या चढांवर कमावलेला दम (तो हवाच) विरळ हवेची सवय करून देत नाही. मनालीत एक पूर्ण दिवस थांबावे, पहिला तंबू ३,२०० मीटरच्या आसपास लावावा आणि सरोवर पाहून त्याच दिवशी त्या तंबूत परतावे. डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब खाली उतरावे. यासाठी चार दिवस अपुरे आहेत. कृपया रजा वाढवून घ्या.