‘आवाज झाला’ की ‘आवाज आला’? ऐकणारा नसताना कोणता शब्द

मंद्र: निर्जन रानात झाड कोसळलं आणि ऐकायला कोणी नव्हतं, तर आवाज झाला का? हे कोडं मराठीत मांडताना कोणी ‘आवाज होईल का’ विचारतं, कोणी ‘येईल का’, कोणी ‘ध्वनी असेल का’. हे तीन प्रश्न एकच आहेत का? आवाज, ध्वनी, नाद, शब्द यांतला कोणता कुठे वापरायचा? (हे कोडं तत्त्वज्ञ बर्कलीच्या नावावर खपवलं जातं. त्याच्या लेखनात ते या शब्दांत नाही, तेव्हा तो फाटा नको.)

उंबरठा: तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. क्रियापदाला ‘मला’ जोडून बघा. ‘मला आवाज आला’ चालतं, ‘मला आवाज झाला’ चालत नाही. ‘तिथे कोणी नव्हतं, पण आवाज झाला असणार’ हे कोणालाही खटकत नाही. ‘आवाज आला असणार’ म्हटलं, की पुढचा लगेच विचारतो, ‘कोणाला?’ म्हणजे कोड्याचं निम्मं उत्तर क्रियापद निवडतानाच देऊन झालेलं असतं.

ऑनलाइन बैठकीत बोलणारा ‘माझा आवाज येतोय का?’ असं विचारतो. आवाज त्याच्याकडून निघून दुसरीकडे जातोय, तरी ‘जातोय का’ म्हणत नाही. क्षणभर तो ऐकणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. सभागृहातला माइकवाला मात्र ‘मागपर्यंत जातोय का?’ असं विचारतो, कारण त्याचं लक्ष यंत्राकडे असतं. आणि ‘आवाज गेला’ ही तिसरीच गोष्ट, घसा बसल्याची किंवा स्पीकर बंद पडल्याची.

‘चाहूल’ तर ऐकणाऱ्याशिवाय उभीच राहत नाही. चाहूल लागते, तीही कोणाला तरी. ‘पाऊल वाजलं’ असं निर्जन वाड्याबद्दलही म्हणता येतं, पण ‘कोणालाच चाहूल लागली नाही’ म्हटल्यावर चाहूल उरतच नाही.

तर्कट: ‘येणे’ला ऐकणारा लागतो, हे पूर्ण पटत नाही. रानात झाडाला रेकॉर्डर बांधून ठेवला, माणूस निघून गेला, तरी नंतर आपण ‘रेकॉर्डिंगमध्ये आवाज आलाय’ म्हणतोच. अजून फाइल उघडून कोणी ऐकलेलीही नसते, आलेख पाहूनच तसं म्हणतात.

उंबरठा: बरोबर, माझं विधान सैल होतं. हे ‘फोटोत तो आलाच नाही’सारखं आहे. ‘येणे’ला जिवंत कान लागत नाही, पोचण्याचं ठिकाण लागतं. कान, माइक, फाइल, काहीही. ‘होणे’ला तेही लागत नाही.

तर्कट: मग यात एक तांत्रिक खोच आहे. 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंग रेटवर, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुने घेण्यावर ठेवलेला रेकॉर्डर फार तर 24 किलोहर्ट्झपर्यंतचं टिपतो, कारण रेट टिपायच्या वारंवारितेच्या किमान दुप्पट असावा लागतो. बऱ्याच वटवाघळांच्या हाका याच्या वर असतात. त्यासाठी 192 किंवा त्याहून जास्त किलोहर्ट्झचा रेकॉर्डर आणि तेवढं वरचं टिपणारा माइक हवा. साध्या रेकॉर्डरच्या फाइलवरून ‘रात्रभर वटवाघळं ओरडली नाहीत’ असं कोणी लिहिलं, तर ती चूक आहे. आवाज झाला होता, आला नव्हता.

भेरी: नामांकडे वळू. जुन्या शास्त्रग्रंथांत ‘शब्द’ म्हणजे आजचा ‘शब्द’ नव्हे, तर ऐकू येऊ शकणारं सगळं. ‘शब्दवेधी बाण’ या एका प्रयोगात तो अर्थ आजही शिल्लक आहे. दशरथाने बाण सोडला तो घागर बुडण्याच्या आवाजावर, कोणाच्या बोलण्यावर नव्हे.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात व्याख्या आहे: ‘श्रोत्रग्राह्यो गुणः शब्दः’, कानाने घेता येण्याजोगा गुण म्हणजे शब्द. हा आकाशाचा गुण, आणि त्याचे प्रकार दोन. भेरी वगैरे वाद्यांचा तो ध्वन्यात्मक, भाषेतला तो वर्णात्मक. या व्याख्येत सगळा भार ‘ग्राह्य’वर आहे. ग्राह्य म्हणजे घेता येण्याजोगं, आणि गृहीत म्हणजे घेतलेलं. व्याख्या ‘श्रोत्रगृहीत’ म्हणत नाही. त्यामुळे रानातल्या झाडाचा शब्द कोणी ऐकला नाही म्हणून व्याख्येबाहेर पडत नाही. खाद्य पदार्थ कोणी खाल्ला नाही म्हणून अखाद्य ठरत नाही, तसंच.

तो कानापर्यंत कसा पोचतो, यासाठी नैयायिकांकडे, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांकडे, दोन उपमा होत्या: पाण्यावरच्या लाटेमागून लाट तसा, किंवा कदंबाच्या फुलासारखा एकदम सगळीकडे फुटणारा. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं टोक उलटं. वर्णात्मक शब्द नित्यच आहे, उच्चारातला ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. त्यांना रान, झाड, श्रोता, काहीच लागत नाही!

मंद्र: पण मग ‘श्राव्यातीत ध्वनी’ या शास्त्रीय संज्ञेचं काय? सोनोग्राफीतल्या लहरी काही मेगाहर्ट्झच्या असतात, त्या कोणत्याच कानाला ग्राह्य नाहीत.

भेरी: तिथे न्यायाची व्याख्या संपते आणि भौतिकशास्त्राची सुरू होते. तिथे ध्वनी म्हणजे माध्यमातून जाणारा दाबाचा चढउतार. 20 हर्ट्झच्या खाली अवश्राव्य, 20 हजारांच्या वर श्राव्यातीत. 1883 मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा दाबलहर जगभरच्या वायुभारमापकांवर पुन्हा पुन्हा उमटली. बहुतेक ठिकाणी कोणाच्याही कानाला काही कळलं नाही. तिला ध्वनिलहर म्हणा, आवाज म्हणू नका. माझ्या मते मराठीत ‘ध्वनी’ लहरीकडे झुकतो आणि ‘आवाज’ कानाकडे.

लिहिताना सुटा शब्द दीर्घ ‘ध्वनी’, समासात ऱ्हस्व: ध्वनिलहर, ध्वनिमुद्रण, ध्वनिवर्धक.

तर्कट: काचेच्या हंडीत घंटा वाजवायच्या शाळेच्या प्रयोगाचं वाक्यही तपासा: ‘हंडीतली हवा काढली, की घंटेचा आवाज बंद होतो.’ ‘बंद होतो’ चूक, ‘येईनासा होतो’ बरोबर. टोला पडतच असतो, वाटी थरथरतच असते. प्रत्यक्षात तो पूर्ण येईनासाही होत नाही. घंटा ताठ तारेवर टांगली, तर कंपनं तारेतून बुडाच्या तबकडीत आणि तिथून टेबलात उतरतात. ती रबरी दोरीवर लोंबकळत ठेवावी, खाली फोम घालावा आणि कडेला ग्रीस लावून हंडी नीट बसवावी, नाहीतर हवा आत शिरत राहते. हातपंपाने थोडी हवा उरतेच, म्हणून बारीक किणकिण राहते. ‘प्रयोग फसला’ असं वाटतं ते बहुधा याच दोन कारणांनी.

खर्ज: ‘आवाज मोजणारा मीटर निःपक्षपाती असतो’ असं इथे कोणी लिहिण्याआधी सांगतो, डेसिबलमध्ये कान आधीच बसवलेला आहे. शून्य डेसिबल म्हणजे 20 मायक्रोपास्कल दाब. तो आकडा 1000 हर्ट्झला माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या दाबाजवळचा म्हणून घेतलेला आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल, ही ‘ए’ भारांकनातली, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे वारंवारितांना कमीजास्त वजन देऊन मोजलेली आहे. माणसाचा कान खर्जाला, म्हणजे खालच्या वारंवारितांना, मंद असतो, म्हणून ए भारांकन 50 हर्ट्झचे सुमारे 30 डेसिबल कापतं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीचा 50 हर्ट्झचा 100 डेसिबलचा ठोका ‘ए’वर 70 दिसतो, खर्ज फारसा न कापणाऱ्या ‘सी’ भारांकनावर जवळपास 99. खिडकीची काच थडथडते, छातीत धडधडतं, आणि मीटरवाला म्हणतो ‘फार नाही’. दोन्ही भारांकनांवर मोजून फरक 20 च्या आसपास आला, तर खर्ज फार आहे असं समजा. त्याला ‘आवाज’ म्हणायचं की ‘हादरा’, ते तुम्ही ठरवा.

मंद्र: आणि नाद? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात आहत आणि अनाहत असे दोन नाद सांगितलेत. अनाहत म्हणजे न ऐकलेला, असं धरायचं का?

भेरी: नाही. आहत म्हणजे आघाताने झालेला, आणि अनाहत म्हणजे आघाताशिवायचा. तो योग्याला ऐकू येतो असंच म्हणतात. तिथे श्रोता आहे, वाजवणारा नाही. तुमच्या कोड्याची नेमकी उलटी बाजू.

मंद्र: मग कोडं असं लिहितो: ‘निर्जन रानात झाड कडाडकन कोसळलं. आसपास ना कान, ना यंत्र. आवाज झाला का?’

उंबरठा: ‘कडाडकन’ काढा. ते ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही.